अक्का, मापाच्या वहीतल्या त्या पानाबद्दल

प्रिय अक्का,
सप्रेम नमस्कार.

बाळंतपणानंतर माझं मन ढासळलं तेव्हा तुम्ही मला मनाचा डॉक्टर शोधून दिलात. त्याचे तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही मशीन सुरू करता, म्हणून लिहिते आहे. सगळ्यांना वाचता येईल असंच लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही. सोलापुरात दाजी पेठेत ब्लाउज शिवणाऱ्या अक्का काही एकट्या तुम्ही नाहीत. ओळखणारे ओळखतील.

संक्रांतीच्या आधीचा आठवडा होता. धाकटी साडेतीन महिन्यांची, तिचं पहिलं बोरन्हाण, म्हणून सासूबाईंनी हौसेनं काळी साडी आणलेली. गड्ड्याच्या जत्रेचे दिवस, तुमच्याकडे ब्लाउजांचा ढीग, हुक-काजं करणारी पोरगी सुट्टीवर. पडद्याआड ब्लाउज घालून बघितला तर तो खांद्यावरून घसरला. जुन्या मापाचा शिवलेला. तुम्ही टेप घेऊन आत आलात, छाती घेतली, कंबर घेतली, वही मागं उलटून डोहाळजेवणाच्या आधीचं माप बघितलंत आणि टेप गळ्यात टाकून नुसत्या उभ्या राहिलात. "बाळंतपणानं बाई भरती गं. तू तर वाळूलालीस. काय होऊलालंय तुला?"

मी तिथंच चिंध्यांच्या पोत्यावर बसले. रडले असंही नाही. बाहेर धाकटी रडत होती आणि मला ते शेजारच्या घरातलं कुणाचं तरी बाळ रडल्यासारखं ऐकू येत होतं. ती माझी आहे हे कळत होतं, पण उठावंसं वाटत नव्हतं. तुम्ही तिला उचलून फॉल लावायला आलेल्या एका बाईच्या मांडीवर दिलंत, शटर अर्धं ओढलंत आणि माझ्यासमोर स्टूल घेऊन बसलात. गड्ड्याच्या आठवड्यात तुम्ही दुपारी शटर ओढलंत, हे गल्लीत कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

तोवर सगळ्यांनी आपापल्या परीनं सांगून झालं होतं. सासूबाई वाईट नाहीत. त्यांनी दृष्ट काढली, अक्कलकोटला नेऊन आणलं, डिंकाचे लाडू केले. आई म्हणाली, "दोन लेकरं म्हटल्यावर थकवा येणारच." ज्यांच्याकडे बाळंतपण झालं तिथं विचारलं, तर "सगळ्यांनाच होतं, जाईल" म्हणून टॉनिक लिहून मिळालं. आता मला माहीत आहे की पहिल्या पंधरवड्यात रडू येणं, चिडचिड होणं खरोखरच पुष्कळ बायकांना होतं आणि ते आपोआप निवळतंही. माझं चौदा आठवडे चाललं होतं. एवढा फरक कुणीतरी तेव्हा सांगायला हवा होता. ह्यांनी मात्र मोबाईलवर शोधून "पुण्याला दाखवू" असं म्हटलं. पुणं अडीचशे किलोमीटर. अंगावर पिणारं पोर घेऊन दर आठवड्याला हुतात्मा एक्स्प्रेसनं जायचं म्हणजे त्यानंच आजारी पडले असते.

आणि स्वतः शोध म्हणाल, तर माझ्याच्यानं एक फोन लागत नव्हता. टॉवेलच्या कारखान्यात बिलिंगला बसणारी मी, दिवसाला पन्नास पार्ट्यांशी बोलणारी, नंबर दाबायची आणि रिंग वाजायच्या आत कट करायची. पलीकडून "काय त्रास आहे?" असं विचारलं तर सांगणार काय? नीट जेवते, पोराचा डबा करते, आणि रात्री तीनला छताकडे बघत बसते, हा काय त्रास झाला? ज्याला मनाचा डॉक्टर हवा असतो त्यालाच तो शोधायचं बळ नसतं, ही गोष्ट मला कुणी समजावून सांगितली नाही. तुम्हालाही सांगितली नसेल. तुम्ही सरळ वहीत माझ्या मापांसमोरचं कोरं पान उघडलंत.

अकरा फोन, अक्का. मी मोजलेत. तेलुगूत लिहिलेलं ते पान तुम्ही मला नंतर वाचून दाखवलंत तेव्हा कितीतरी दिवसांनी मला हसू आलं होतं. एका ठिकाणी "नवऱ्याला घेऊन या, मगच बोलू" म्हणाले. त्यावर तुमची काट. एका समुपदेशन केंद्रात काय झालंय ते न ऐकताच एकवीस दिवसांचा कोर्स आणि पैसे आगाऊ. काट, तीही दुहेरी. एक सर, त्यांच्यापुढं तुम्ही लिहिलंय: "दारू सोडवतात. माणूस चांगला. आपल्या कामाचे नाहीत." एका रात्री तुम्ही टेली मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वरही फोन लावलात. फुकट, चोवीस तास, आणि पलीकडची मुलगी मराठीत सावकाश बोलली. तिनंच तुम्हाला विचारलं म्हणे, की पेशंटच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचं येतं का. तुम्ही मला ते त्या वेळी सांगितलं नाहीत. नुसतं दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाला झबलं शिवलंय म्हणून घरी आलात आणि दोन तास हलला नाहीत.

हैदराबादला नर्सिंग केलेल्या तुमच्या भाचीनं सांगितलं, की "समुपदेशक" अशी पाटी कुणीही लावतं, पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती विचारायची. आणि गोळ्या लिहून देणारे ते मानसोपचारतज्ज्ञ, ते एमडी झालेले डॉक्टर. कधी एक लागतात, कधी दोन्ही. मग तुम्ही प्रत्येकाला नोंदणी विचारायला लागलात, ब्लाउजपीसचा भाव विचारावा तशी. बाळंतपणानंतरच्या बायका बघितल्यात का? बाळ आणलं तर चालेल का? पाजायला लागली तर? घरी कळवणार का? या प्रश्नांवर एक-दोन जण चिडले. अकराव्या फोनवरच्या मॅडमनी मात्र सगळी उत्तरं दिली आणि उलट तुम्हालाच विचारलं, "ती रात्री किती तास झोपते?" तुम्ही त्या ओळीखाली लाल खडूनं रेघ मारली आहे. कापडावर खूण करायचा खडू, कागदावर पुसट उठलाय.

सात रस्त्याकडच्या त्या जिन्यावर पहिल्यांदा तुम्हीच सोबत आलात. मॅडमनी दहा प्रश्नांचा एक कागद दिला. १९८७ मध्ये एडिंबरामध्ये खास बाळंतिणींसाठी केलेली ती प्रश्नावली, मागच्या सात दिवसांबद्दल विचारणारी. हसू येतं का, उगीच स्वतःला दोष देता का, असे साधे प्रश्न. दहावा स्वतःला इजा करण्याबद्दलचा. पेन तिथं थांबलं. मी "कधीकधी" वर खूण केली आणि वाटलं, आता या बोंब मारतील, ह्यांना फोन लावतील. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाल्या, "हे लिहिलंत ते बरं केलंत. यावर आपण आजच बोलू." गुप्तता हा पेशंटचा हक्क आहे, २०१७ च्या कायद्यातच आहे, हे सांगितलं, आणि जिवाला धोका वाटला तर घरच्या कुणाला तरी सांगावं लागेल, ते मला विचारून, हेही तेवढ्याच स्पष्टपणे सांगितलं. मी तुमचं नाव दिलं. नवरा सोडून शिंपीणबाईचं नाव दिल्यावर त्यांनी भुवईसुद्धा उचलली नाही.

बायकांच्या मनाचं काम करणारी व्यक्ती वेगळी कशी, ते मला त्या पहिल्या तासात कळलं. पाळी सुरू झाली का, थायरॉईड तपासला का, रक्त किती आहे, रात्री बाळासाठी कोण उठतं, पहिल्या खेपेला असं झालं होतं का, दुसरी मुलगी झाल्यावर घरात कोण काय बोललं. हिमोग्लोबिन ८.६ निघालं. थायरॉईड ठीक होता. त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. अंगावर पाजताना चालेल अशी गोळी त्यांनी विचार करून दिली आणि ती लगेच काम करत नाही, तीन-चार आठवडे धीर धरा, हेही बजावलं. नाहीतर पाचव्या दिवशी मी ती नक्की सोडली असती.

आता पडद्याबद्दल. मॅडम म्हणाल्या, अधलेमधले तास फोनवर करू. पण आमचं घर दोन खोल्यांचं, त्यातली एक सासूबाईंची, आणि पाणी येतं त्या दिवशी तर दारात अख्खी गल्ली. बोलायचं कुठं? तुम्ही म्हणालात, "इथं ये की." दर गुरुवारी दुपारी मी तुमच्या ट्रायलच्या पडद्याआड पोत्यावर बसून फोनवर बोलायची आणि तुम्ही बाहेर पिकोचं मशीन चालू ठेवायचा, म्हणजे माझा शब्द गिऱ्हाइकाच्या कानावर जाऊ नये. एकदा लाइट गेली. मशीन बंद, मी मधेच गप्प. तेवढ्यात तुम्ही बाहेरच्या बाईशी तेलुगूत जोरजोरात भांडायला लागलात. ती बाई तुमची सख्खी जाऊ होती आणि तिला काहीच कळलं नव्हतं, हे मला महिन्यानं कळलं.

सहा महिने झाले. रात्री तीनला जाग अजून येते, पण धाकटीच्या भुकेनं येते आणि मी उठते. हे दोनदा मॅडमकडे येऊन गेले. जिन्यात बूट काढताना फार घाबरले होते, बिचारे. गोळी अजून चालू आहे. मध्ये एक आठवडा पुन्हा वाईट गेला, गेल्या महिन्यात, तो तुम्हाला माहीत आहे. काळ्या ब्लाउजाच्या शिवणीत तुम्ही आत कापड ठेवलं होतंत, ते आता उसवायला आणायचं आहे, हाताला घट्ट होतोय.

एक काम मागते. कारखान्यात आमच्या पॅकिंगला एक जण आहे, तिचं बाळ दोन महिन्यांचं आहे. परवा डबा खाताना ती म्हणाली, बाळ रडतं ते लांबून ऐकू येतं. मी घास तसाच ठेवला. तिच्यासाठी त्या पानाची झेरॉक्स हवी आहे, अकराही फोनांसकट, काट मारलेल्यांसकट, म्हणजे तिला पुन्हा तिथं जायला नको. मराठीत मी उतरवून देईन. फक्त झेरॉक्स काढताना समोरचं माझ्या मापांचं पान झाका. आमच्या ऑफिसात निम्म्या लोकांना तेलुगू वाचता येतं.

तुमची,
भवानी पेठेतली काळ्या ब्लाउजवाली