सोलरचा हिशेब आणि शेजारचा टॉवर

महोदय,

'पीएम सूर्यघर' योजना आल्यापासून पुण्यातल्या सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभेत छतावरच्या सोलरचा विषय हटकून निघतो. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18 हजार रुपये अनुदान आहे म्हटल्यावर तो निघणारच. माझं म्हणणं त्यासोबत येणाऱ्या हिशेबाबद्दल आहे.

आमच्याकडे आलेल्या एका विक्रेत्याने 'पीव्हीसिस्ट' या सोलरच्या उत्पादनाचा अंदाज काढणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढलेला जाडजूड अहवाल समितीपुढे ठेवला. सगळ्यांनी 'पैसे किती वर्षांत वसूल' तेवढं पाहिलं. पण कुठे किती ऊर्जा वाया जाते ते दाखवणाऱ्या आकृतीत जवळच्या सावलीची ओळच नव्हती! म्हणजे पाण्याची टाकी, लिफ्टची खोली आणि दक्षिणेला पुनर्विकासात चढत चाललेला टॉवर, यातलं काहीच सॉफ्टवेअरला सांगितलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणे, "सर, सॉफ्टवेअरमध्ये तसंच येतं." तसं येत नसतं. आजूबाजूच्या इमारतींचं त्रिमितीय चित्र काढायची सोय त्यात आहे. ते काढायला वेळ लागतो आणि काढलं की युनिट कमी दिसतात, इतकंच.

डिसेंबरात भर दुपारीही पुण्यात सूर्य क्षितिजापासून साधारण 48 अंशांवरच असतो. शेजारची इमारत आपल्या छतापेक्षा 20 मीटर उंच आणि दक्षिणेला असेल, तर तिची सावली तेव्हा 18 मीटर आत येते. सकाळ-संध्याकाळची तर विचारूच नका. शिवाय पॅनल एकामागे एक साखळीत जोडलेले असतात, त्यामुळे दोन-चार पॅनलवरच्या सावलीचा फटका बाकीच्यांनाही बसू शकतो. पावसाळ्यात ढगांमुळे उत्पादन तसंही घटतं, त्यात ऐन कोरड्या हिवाळ्यातलं ऊन टॉवरने अडवलं तर वसुली लांबलीच.

पडताळणीसाठी युरोपीय आयोगाचं 'पीव्हीजीआयएस' हे सोलरच्या उत्पादनाचा अंदाज देणारं ऑनलाइन साधन फुकट आहे, भारतातल्या जागांसाठीही चालतं. त्यात यंत्रणेतली घट आधीच 14 टक्के धरलेली असते. मात्र ते डोंगरांची सावली मोजतं, इमारतींची नाही. सिंहगड त्याला दिसेल, शेजारचा टॉवर दिसणार नाही.

इथे महापालिकेने हातभार लावायला हवा. प्रत्येक नव्या इमारतीची उंची मंजूर नकाशात असते. मिळकतकरासाठी अनेक महापालिकांनी जीआयएस (संगणकीय नकाशावरची) सर्वेक्षणंही करून घेतली आहेत. स्वित्झर्लंडमध्ये कोणत्याही घराच्या छतावर किती वीज तयार होऊ शकेल, ते सरकारी संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठात तयार झालेलं 'सिटी एनर्जी ॲनालिस्ट' हे सॉफ्टवेअर तर मुक्त स्रोत आहे. इमारतींचे आकार आणि उंची दिली की एकमेकींची सावली धरून छतांवरचं ऊन काढून देतं. म्हणजे सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत. अडलंय ते उंचीच्या माहितीपाशी, आणि ती महापालिकेच्याच कपाटात आहे.

पॅनलच्या कामगिरीची हमी 25 वर्षांची असते. तेवढ्या काळात आमच्या गल्लीतला एकही बंगला बंगला राहील असं वाटत नाही. म्हणून निदान बांधकाम परवानगी मिळालेल्या इमारतींची जागा आणि उंची महापालिकेने नकाशावर खुली करावी. आणि अनुदानाचा अर्ज करताना विक्रेत्याचा सावलीसहित अहवाल जोडणं सक्तीचं व्हावं.

— एक वाचक, कोथरूड, पुणे