हाशिया कापून पाठवलेल्या चित्राबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : अपूर्ण चित्रप्रत बदलून मिळणेबाबत

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी तेहरानमधील एका समकालीन चित्रकर्तीच्या, पर्शियन लघुचित्रांच्या धाटणीतील चित्राची मुद्रित प्रत मागवली होती. संकेतस्थळावर संपूर्ण चित्र दाखवलेले असताना, हाती आलेल्या प्रतीचा चारही बाजूंचा हाशिया, म्हणजे चित्राभोवतीची कड, कापलेला आहे. विचारणा केली असता, तयार चौकटीच्या मापात बसावे म्हणून रिकामी कड काढली, असे आपल्या प्रतिनिधींनी कळवले. हे उत्तर मला मान्य नाही.

ती कड रिकामी नव्हती. इराणी चित्रपरंपरेत हाशियावर सोनेरी रेषांनी हरणे, सिंह, झाडेझुडपे रेखाटण्याची स्वतंत्र कला आहे. इराणचा बादशहा शाह तहमास्प याच्यासाठी तयार झालेल्या शाहनामा या पर्शियन महाकाव्याच्या सचित्र हस्तलिखितात, चित्रकार सुलतान मुहम्मदने १५२०च्या दशकात रंगवलेल्या ‘कयूमर्सचा दरबार’ या चित्रात तर खडक आखलेल्या चौकटीत न मावता बाहेरच्या कागदावर पसरले आहेत, आणि त्या चित्राचा सारा जिवंतपणा त्या पसरण्यात आहे.

या चित्रकर्तीने तीच रीत आजच्या शहरासाठी वापरली आहे. गच्च्या, पाण्याच्या टाक्या आणि डिश अँटेना सपाट थरांत एकावर एक रचलेले आहेत, मागचे अल्बोर्झ पर्वताचे जांभळे कडे चौकट ओलांडून वर गेले आहेत आणि हाशियात हरणांच्या जागी रस्त्यावरची मांजरे आहेत. माझ्या प्रतीत त्यांपैकी एकही मांजर उरलेले नाही. कठड्यावरून वाकून झाडाला पाणी घालणाऱ्या बाईचा हात मनगटाशीच संपतो. झारी आणि कुंडी कापलेल्या पट्ट्याबरोबर गेल्यामुळे ती कशासाठी वाकली आहे, हेच कळत नाही. कागद आणि छपाई उत्तम आहे, म्हणून तर ही कापाकापी अधिक जिव्हारी लागते.

वस्तू जाहिरातीतील वर्णनाप्रमाणे नसल्यास ती परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, असे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० सांगतात. तरी हाशियासह पूर्ण प्रत पंधरा दिवसांत विनाशुल्क पाठवावी. ते शक्य नसल्यास वाहतूक खर्चासह पूर्ण रक्कम परत करावी. या चित्रकर्तीची इतर चित्रेही आपण विकता. ती मापात बसवण्यासाठी कापली जाणार नाहीत, याची लेखी हमीही मला हवी आहे.

बीजकाची प्रत आणि संकेतस्थळावरील चित्र व मला मिळालेली प्रत या दोन्हींची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपली विश्वासू,
(स्वाक्षरी)