मिसळलेली नव्हे, मुरलेली

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी पेयांविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात बेल्जियममधील फार्महाऊस एल या बिअरचा आणि ती दारूच्या रिकाम्या लाकडी पिंपांत ठेवण्याच्या प्रथेचा उल्लेख वाचून आनंद झाला. मात्र त्यातील दोन विधाने वाचकांचा गैरसमज करून देणारी असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. ही ‘व्हिस्की मिसळलेली बिअर’ असते, हे पहिले विधान. आणि ती पिंपात जितकी जास्त राहील तितकी उत्तम होते, हे दुसरे. नगर जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून माझी ३१ वर्षे गेली, आणि निवृत्तीनंतर मुलीकडे बेल्जियमला राहायला गेलो असताना ही बिअर पिंपातून थेट पेल्यात घेऊन चाखण्याचा योग आला. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच.

मुळात ही बिअर कोणती, ते आधी सांगितले पाहिजे. दक्षिण बेल्जियमच्या फ्रेंच बोलणाऱ्या वालोनी भागात, विशेषतः एनो प्रांतात, शेतकरी आपल्याच शेतावर जी बिअर बनवीत, तिला ‘सेझाँ’ म्हणतात. या शब्दाचा सरळ अर्थ ‘हंगाम’. थंडीत बिअर बनवून ठेवायची आणि उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्या हंगामी मजुरांना ती प्यायला द्यायची, अशी तिची कुळकथा तिकडे सांगितली जाते. ज्याने उभा जन्म गळीत हंगामाच्या तारखा मोजण्यात घालवला, त्याला हे नाव ऐकून परके वाटण्याचे कारण नाही. या प्रकारातील सर्वांत नावाजलेली बिअर तुर्प या खेड्यातील द्युपाँ यांच्या ब्रुअरीत बनते. १८४४ पासून तिथे शेत आणि ब्रुअरी एकत्र चालत आली आहे. १९२० मध्ये आल्फ्रेद द्युपाँ यांनी ती विकत घेतली ती धंद्याच्या हौसेने नव्हे; मुलगा शेती करायला कॅनडाला निघाला होता, त्याला गावातच थांबवावे म्हणून. (आपल्याकडच्या कित्येक बापांना हा उपाय परवडला असता, तर गावे इतकी ओस पडली नसती.) या बिअरमध्ये अल्कोहोलचे प्रमाण ६.५ टक्के असते. मजुरांना मिळणारी बिअर याहून पुष्कळच सौम्य असणार, नाहीतर दुपारनंतर शेतात कोणी उभे राहिले नसते.

या बिअरचे खरे वैशिष्ट्य तिच्या यीस्टमध्ये आहे. हे यीस्ट ३० अंशांच्या वरच्या तापमानातही खुशाल काम करते, आणि इतर यीस्ट ज्या लांब साखळीच्या शर्करांना तोंड लावत नाहीत त्यांनाही फोडून खाते. परिणामी बिअरमध्ये गोडवा जवळजवळ उरतच नाही. आमच्या मळीच्या टाक्यांत किण्वन पूर्ण झाले, म्हणजे हायड्रोमीटर (द्रवाची घनता, आणि त्यावरून उरलेली साखर मोजणारे उपकरण) जसा खाली बसत असे, तसाच इथेही बसतो. तोंडात राहतो तो मिरीसारखा झणका, लिंबाच्या सालीचा कडवट वास आणि उन्हात वाळलेल्या गवताची आठवण. हा कोरडेपणा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे.

आता पिंपांकडे वळतो. अमेरिकेतील कायद्यानुसार बर्बन व्हिस्की आतून जाळलेल्या, कोऱ्या ओक लाकडाच्या भांड्यातच मुरवावी लागते. एकदा वापरलेले पिंप बर्बनसाठी पुन्हा चालत नसल्यामुळे सुमारे २०० लिटरची ही पिंपे दरवर्षी मोठ्या संख्येने मोकळी होतात, आणि स्कॉटलंडपासून बेल्जियमपर्यंतचे लोक ती विकत घेतात. पिंप रिकामे झाले तरी त्याच्या फळ्यांत काही लिटर दारू मुरलेली असते. समजा, ६० टक्क्यांची पाच लिटर दारू लाकडात राहिली आणि ती सगळी बिअरमध्ये उतरली, तर २०० लिटरमागे अल्कोहोल जेमतेम दीड टक्क्याने वाढेल. व्हिस्की ओतून मिसळण्याचा इथे प्रश्नच येत नाही. बाकीचे काम लाकूड करते. लाकूड भाजताना त्यातील लिग्निन या घटकापासून व्हॅनिलाचा गंध देणारे व्हॅनिलिन तयार होते, ओकमधील लॅक्टोन नावाची द्रव्ये खोबऱ्याचा वास देतात आणि टॅनिनमुळे तुरटपणा येतो. शिवाय फळ्यांतून हवा अगदी सावकाश आत झिरपत राहते. कैरीच्या फोडी मिठात टाकल्याबरोबर लोणचे होत नाही, ते मुरावे लागते, हे ज्यांना ठाऊक आहे त्या मराठी वाचकांसाठी ‘मिसळलेली’ हा शब्द छापला जावा, याचे मला विशेष वाईट वाटले.

एनो प्रांतातील ज्या लहानशा ब्रुअरीत मी गेलो, तिथे जुन्या गोठ्यात पिंपे आडवी रचून ठेवलेली होती. मालकाने पकडीने एका पिंपाच्या तोंडावरच्या फळीतला पोलादी खिळा उपसला, त्या छिद्रातून सुतळीएवढी धार पेल्यात पडली, आणि चार घोट जमताच त्याने खिळा अंगठ्याने पुन्हा दाबून बसवला. तोटी नाही की नळी नाही. असे केल्याने पिंपात हवा शिरत नाही. आमच्या कारखान्यात नमुना काढायला दोन माणसे आणि एक रजिस्टर लागत असे.

हे पहिले पिंप बर्बनचे होते, नुकतेच आलेले, आणि त्यात सेझाँ नऊ महिने राहिली होती. पेला नाकाशी नेताच खोबऱ्याच्या वडीचा आणि व्हॅनिलाचा घमघमाट आला, पण घोट घेतल्यावर जिभेच्या कडा कच्चे जांभूळ खाल्ल्यासारख्या आवळल्या. वास गोडाचे आश्वासन देतो आणि तोंडात गोड काहीच नाही, अशी ती फसगत होती. मिरी, लिंबू, गवत यांचा मागमूसही उरला नव्हता. १९९० च्या दशकात शिकागोच्या गूस आयलंड या ब्रुअरीने बर्बनच्या पिंपांत बिअर मुरवण्याचा जो प्रयोग गाजवला, तो काळ्या, दाट, गोडसर स्टाऊटवर केला होता. त्या बिअरच्या अंगात लाकडाला झेपेल इतका ऐवज असतो. सेझाँसारख्या सडपातळ बिअरला तोच शालू नेसवला, तर शालूच दिसतो. मालकाने स्वतःहून सांगितले की ही बिअर तो अशी विकणार नाही, ताज्या बिअरमध्ये थोडी थोडी घालून संपवील.

दुसरे पिंप कॅल्व्हाडोसचे होते. नॉर्मंडीत सफरचंदाच्या आंबवलेल्या रसापासून ही दारू गाळतात. या पिंपाचा आधी दोनदा बिअरसाठी वापर झालेला असल्याने लाकडाचा पहिला जोर ओसरला होता, आणि बिअर त्यात चारच महिने होती. हिचा वास आंब्याच्या आढीवरचे पोते उचलल्यावर येतो तसा होता: पिकलेले फळ, पेंढा आणि किंचित आंबूसपणा. मिरीचा झणका जागेवर होता, तुरटपणा शेवटी येऊन लगेच जात होता, आणि मागे गोठ्याचा अगदी पुसट वास रेंगाळत होता. तो वास त्या इमारतीचा नव्हे, ब्रेटॅनोमायसिस नावाच्या यीस्टचा. क्लाउसेन या शास्त्रज्ञाने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १९०४ मध्ये त्याची ओळख पटवली. नुकत्याच रिकाम्या झालेल्या, दारूने भिजलेल्या पिंपात ते सहसा तग धरत नाही. एक-दोनदा बिअर भरली की फळ्यांत वस्तीला येते. सफरचंदाची दारू तिथे आहे हे सांगितल्यावर कळत होते, न सांगता फक्त बिअर चांगली लागत होती. या प्रकाराची कसोटी माझ्या मते हीच आहे.

तिसरे पिंप दोन वर्षांचे होते. मधल्या काळात ते वेळच्या वेळी भरून काढले गेले नव्हते, वर मोकळी जागा राहिली, आणि हवेवर जगणाऱ्या जिवाणूंनी आतल्या बिअरचा शिरका केला होता. मालक तो आता शेजाऱ्यांना सॅलडवर घालायला देतो. ‘जितकी जुनी तितकी चांगली’ हे लेखातील दुसरे विधान वाचताना मला तोच पेला आठवत होता. पुण्या-मुंबईकडील ब्रुअरींनीही असे प्रयोग करावेत, ही लेखकाची सूचना योग्यच आहे. परंतु स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के दारू उडून जाते, तर बंगळूर-गोव्याच्या हवेत व्हिस्की उत्पादकांना दहा टक्क्यांच्या आसपास घट सोसावी लागते. अशा उष्ण हवेत बिअरच्या बाबतीत वर्षांचा हिशेब करणे धोक्याचे आहे. इथे महिने मोजावेत, आणि तेही दर पंधरवड्याला खिळा उपसून.

एक गोष्ट लेखात यायला हवी होती, ती राहून गेली. बेल्जियममध्ये १९१९ च्या व्हँडरवेल्ड कायद्याने कॅफेंमध्ये गाळलेली कडक दारू विकण्यास बंदी घातली होती (बिअरला ती नव्हती), आणि दुकानातून घ्यायची तर एका वेळी किमान दोन लिटर घ्यावी लागे, म्हणजे गरिबाच्या खिशाबाहेर. तिथल्या बिअर अधिक कडक होत जाण्यामागे हेही एक कारण मानले जाते. तो कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. ज्या दारूला कॅफेचे दार इतकी वर्षे बंद होते, तिचे रिकामे पिंप आता मजुरांच्या बिअरसाठी पैसे मोजून आणले जाते, याची गंमत लेखकाने वाचकांना सांगायला हवी होती.

तेव्हा विनंती अशी की, या विषयावर पुन्हा काही छापाल तेव्हा ‘व्हिस्की मिसळलेली’ याऐवजी ‘पिंपात मुरवलेली’ असा शब्दप्रयोग करावा, आणि ब्रुअरीवाल्याला पिंप किती जुने हे न विचारता ते कितव्यांदा भरले आहे आणि बिअर त्यात किती महिने होती, हे विचारून छापावे.

आपला,
एक निवृत्त डिस्टिलरी केमिस्ट,
श्रीरामपूर