अंदमानला निघण्याआधी

पुणे

तीर्थरूप आई-बाबांना सा. न.

फोनवर काही सांगायला लागलं की बाबा ‘बरं बरं’ म्हणत टीव्हीचा आवाज वाढवतात. म्हणून हे कागदावर.

आधी चप्पल. बाबा, तुमची करकर वाजणारी कापशी घरीच राहू दे. खारं पाणी प्यालेलं कातडं वाळलं की पापडासारखं वाकडं होतं. महाद्वार रोडला जाऊन मागून पट्टा असलेले रबरी सँडल घ्या, दोघांनाही. मागच्या वर्षी शहीद द्वीपला मी अनवाणी पाण्यात उतरले होते. 2018 ला नाव बदललं, तरी लोक अजून नीलच म्हणतात. गुडघाभरच पाणी होतं. तळवा प्रवाळावर घासला. दिसायला नुसता ओरखडा, पण बारीक कण आत राहिले आणि तीन आठवडे चिघळला. आई, तुझी शुगर बघता हे फार मनावर घे.

आता पोहणं. बाबा, तुम्ही पंचगंगेच्या घाटावरनं उड्या मारत वाढलात, कबूल. पण नदी एका दिशेला ओढते. समुद्र लाट किनाऱ्यावर आणतो आणि तेच पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात आत नेतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजत येऊ नका, दम तिथंच संपतो. तरंगत राहा, हात वर करा, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर या. आणि मगरीची पाटी दिसली तिथं पायसुद्धा बुडवायचा नाही. तिथल्या मगरी खाऱ्या पाण्यातल्या आहेत.

घड्याळ आपलंच, सूर्य मात्र सव्वा तास पुढे. तिथला अकराचा सूर्य म्हणजे कोल्हापूरचा सव्वाबाराचा. त्यामुळे फिरणं सकाळी उरका. फेब्रुवारीत साडेपाचच्या आत मावळतो. आपण रंकाळ्यावर भेळ खायला निघतो तेव्हा तिथं अंधार! सूर्यास्त बघायला हॅवलॉक बेटावरच्या राधानगरच्या किनाऱ्यावर चारलाच पोचा. नीलचा निसर्गानंच घडवलेला दगडी पूल बघायला ओहोटीच लागते, आणि ती वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. आदल्या रात्री हॉटेलात विचारून ठेवा.

आई, शिंपले-प्रवाळ पिशवीत भरू नकोस, मेलेला पांढरा तुकडासुद्धा नको. प्रवाळ 1972 च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात. देवघरात ठेवायला नेत होते, हे तिथं चालायचं नाही.

बोटीत मळमळेल. गोळी कुठली घ्यायची ते डॉक्टरांनाच विचारा, बीपीच्या गोळ्यांचा कागद दाखवून. रोजच्या गोळ्या हातातल्या पर्समध्ये ठेवा.

कांदा-लसूण चटणीची डबी नेणारच तू, माहीत आहे. मोठ्या बॅगेत टाक. विमानात हातात तिखट नेऊ देत नाहीत. आणि झाकणाला दोन पिशव्या बांध, नाहीतर बाबांचे पांढरे सदरे तांबडे होतील.

सँडल घेतले की फोटो पाठवा.

तुमची,
ताई