मालदीवच्या किनाऱ्यामागच्या हातांचे आभार

मालदीवच्या रिसॉर्टमध्ये पाहुणे उठतात तेव्हा किनारा अगदी कोरा असतो. रात्रीच्या भरतीने आणून टाकलेलं समुद्रगवत, झावळ्या, प्लास्टिकच्या बाटल्या, सगळं पहाटेच उचललेलं असतं. दंताळं वरवरच फिरवायचं. दात खोल रुतले तर गवताबरोबर वाळूही जाते आणि किनारा झिजतो. हे भान रोज राखणाऱ्यांनो, मनापासून आभार.

सगळ्यात मोठं ऋण पाण्याच्या प्लांटवरच्या मंडळींचं. या बेटांवर नदी नाही. लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम मीठ असलेलं समुद्राचं पाणी आधी वाळूच्या फिल्टरमधून, मग बारीक कार्ट्रिजमधून (बदलता येणाऱ्या गाळणीतून), शेवटी साधारण 60 बार दाबाने मेम्ब्रेनमधून, म्हणजे मीठ अडवणाऱ्या पातळ पडद्यातून ढकलायचं. 100 लिटरमधलं 40 लिटरच्या आसपासच गोडं होतं, उरलेलं जास्त खारं होऊन परत समुद्रात जातं. गाळ-शेवाळ चढलं की दाब वाढतो, पाणी घटतं. म्हणून वाळूचा फिल्टर उलट्या प्रवाहाने धुवायचा, कार्ट्रिज बदलायचे, गेजवर नजर ठेवायची, अगदी मध्यरात्रीसुद्धा. शॉवर सुरू केला की गोडं पाणी येतं ते तुमच्या या जागरणामुळे!

आणि सीप्लेनच्या, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाच्या, फ्लोटवर (खालच्या तरंगत्या पायांवर) अनवाणी उभं राहून दोर बांधणारे, बॅगा हातोहात उतरवणारे तुम्ही. हे विमान फक्त दिवसाउजेडी उडतं, त्यामुळे दुपारी उशिरा माले विमानतळावर उतरलेल्यांना रात्र तिथेच काढावी लागू शकते. बुकिंगच्या वेळीच हे स्पष्ट सांगणाऱ्यांचेही आभार.

बांगलादेश, श्रीलंका, भारत आणि मालदीवच्याच दूरच्या बेटांवरून आलेल्या, महिनोन्महिने घरापासून लांब राहणाऱ्या तुम्हा सर्वांना नमस्कार.