प्रिन्स अल्बर्टहून कुंदाला

प्रिन्स अल्बर्ट, सस्कॅचेवान
२२ जुलै

प्रिय कुंदे,

चार महिने झाले, पत्र नाही, फोन नाही. रागावली असशील, आणि तो तुझा हक्कच आहे. पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही. फोनवर तू मध्येच "बरं बरं, जप तब्येतीला" म्हणून विषय मिटवतेस. म्हणून लेकीच्या, मनूच्या वहीचे कागद घेऊन बसले आहे. तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू, गुडघे होते तसेच. हे साताऱ्यालाच आहेत, सूनबाई सगळं बघते.

झालं असं, की मनू शुक्रवारी रानात गेली, रविवारी संध्याकाळी यायची होती, आणि आली नाही.

रान म्हणजे इथलं नॅशनल पार्क. त्याचंही नाव प्रिन्स अल्बर्टच. गाडीने तासाभराच्या वाटेवर. हे गाव कसं आहे ते आधी सांगते, नाहीतर तुला चित्र दिसायचं नाही. वस्ती अडतीस हजारांच्या आतबाहेर, आपल्या कराडपेक्षाही कमी, तरी प्रांतात तिसऱ्या नंबरचं शहर. मधून उत्तर सस्कॅचेवान नदी जाते. पात्र रुंद, पाणी मातकट, आणि ओढ अशी की काठावर उभं राहिलं तरी पाय सरकल्यासारखे वाटतात. दक्षिणेला नजर पोचेल तिथवर सपाट शेतं. गहू, आणि सध्या फुललेला पिवळा कनोला, अगदी आपल्या कासच्या सोनकीसारखा, फक्त त्याला शेवटच नाही. आणि पूल ओलांडून उत्तरेला गेलं की झाडी सुरू होते, ती पुढे संपतच नाही. पलीकडे जायला गाडीचा हा एकच पूल. मनूच्या खिडकीतून तो दिसतो. रविवारी रात्री मी त्या पुलावरचे दिवे बघत बसले होते. इथे जुलैत नवानंतरच सूर्य मावळतो. त्यामुळे नऊपर्यंत मनाला सांगता येत होतं, की अजून उजेड आहे, येईल. दहा वाजले आणि मग काही सांगता येईना.

एकटी गेली होती, कुंदे. होडीतून, तंबू घेऊन, अस्वलांच्या रानात. किंग्जमेअर नावाचा तलाव आहे. तिथे पोचायला आधी एका छोट्या नदीतून जायचं. नदीचा उथळ भाग आला की रुळांवरच्या गाडीवर होडी चढवायची आणि हातांनी ढकलत पलीकडे न्यायची. मग तलावाच्या कडेकडेने उत्तर टोकाला. तिथून थोडं चाललं की अजावान तलाव, आणि त्याच्या काठावर एका माणसाची लाकडी झोपडी. ग्रे आउल नाव. १९३१ साली तो बीव्हर घेऊन इथे राहायला आला. बीव्हरनी आपलं घर निम्मं त्याच्या झोपडीतच बांधलं. जंगल वाचवा, हे प्राणी मारू नका, असं सांगत इंग्लंडपर्यंत व्याख्यानं देत हिंडला. अंगावर आदिवासींचा वेश, लांब वेण्या. १९३८ मध्ये तो याच प्रिन्स अल्बर्टमध्ये वारला आणि मग जगाला कळलं, की हा मूळचा इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जचा आर्चिबाल्ड बेलानी. जन्मभर एक खोटं घेऊन जगला. मनूला तो फार आवडतो. म्हणते, खोटं नाव होतं पण काम खरं होतं. हे ती जायच्या आदल्या रात्री सांगत होती आणि मला मात्र सारखे तुझे अण्णा आठवत होते. का, ते तुला कळलंच असेल. येतेच त्यावर.

तर रविवारची रात्र. पार्कात फोन लागत नाही. मी शेजारच्या आजींचं दार वाजवलं. ऐंशीच्या पुढच्या आहेत, घराणं युक्रेनमधून आलेलं, पण तीन पिढ्या इथेच. (तुझं त्यांच्याशी फार जमेल. लोणची घालतात आणि सुनेबद्दल बोलतात.) त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, चहा दिला आणि पार्कच्या लोकांना फोन लावला. तिकडून सांगितलं, किंग्जमेअरवर दुपारपासून वारा आहे, लाटा उठल्या आहेत. अशा वेळी शहाणी माणसं काठावरच मुक्काम वाढवतात. सकाळपर्यंत थांबा, नाही आली तर आम्ही बघतो. आजी मग माझं मन रमवायला नदीच्याच गोष्टी सांगत बसल्या. २०१६ साली वरच्या अंगाला पाइपलाइन फुटून तेल नदीत उतरलं, तर गावाने नदीचं पाणी घेणंच बंद केलं. तीसेक किलोमीटर लांबून, दक्षिण सस्कॅचेवानमधून, उघड्यावर पाइप टाकून पाणी आणलं. आणि एक धरण सांगितलं, ला कॉल फॉल्सचं. १९१२ च्या सुमारास विजेसाठी बांधायला काढलं, पैसे संपले, अर्धं तसंच नदीत उभं आहे. त्याचं कर्ज गाव १९६० नंतरही फेडत होतं. अण्णांना हे ऐकायला हवं होतं. कोयनेवर ओव्हरसियर असलेल्या माणसाने अर्ध्या धरणाची गोष्ट ऐकली असती तर रात्रभर झोपले नसते, आणि सकाळी आपल्याला मोजमापं समजावली असती.

मी ऐकत होते आणि डोळ्यांपुढे कोयना धरणाचा शिवसागर होता.

कुंदे, वारा, पाणी, आणि न येणारी होडी. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू? १९७९ चा ऑक्टोबर. घरी एनएसएसचं शिबिर म्हणून सांगितलं आणि गेलो वासोट्याला. बाबुकड्यावर पालथं पडून खाली बघत होतो. तू माझा दुपट्टा मुठीत घट्ट धरला होतास. त्या मुठीची आठवण मला अजून कमरेपाशी येते. मग पाऊस, वारा, आणि लाँचवाला काही आला नाही. मेट इंदवलीच्या त्या म्हातारीने नाचणीची भाकरी आणि वाटीभर कुळथाचं पिठलं दोघींत दिलं. आपण रात्रभर हसत होतो. कोणी आपल्यासाठी जागत असेल हे आपल्या मनातही आलं नाही. आई त्या रात्री उंबऱ्यावर बसून होती, हे मला तिने कितीतरी वर्षांनी सांगितलं. मला ते खरं कळलं परवा, त्या खिडकीत.

मनू सोमवारी चार वाजता आली. दारात उभी, चेहरा उन्हाने तांबूस, तळहाताला दोन फोड, खांद्यावरच्या तंबूतून पाणी ठिबकत होतं आणि त्याला स्प्रूसच्या झाडाच्या सुया, म्हणजे सुईसारखी पानं, चिकटलेली. खूष होती ग. "आई, रात्री लून पक्षी ओरडत होते," एवढंच म्हणाली. आणि मी काय म्हणाले? "तुझा संसार धड असता तर अशी रानोमाळ भटकली नसतीस."

तीन वर्षं झाली तिच्या घटस्फोटाला. तीन वर्षांत मी एक शब्द बोलले नव्हते. मनाशी ठरवलं होतं, कोणीही बोलेल, मी नाही बोलणार. पाच शिफ्टा सलग करून, रात्री-बेरात्री लोकांची दुखणी उपसून ती तीन दिवस स्वतःसाठी गेली होती. वारा बघून काठावर थांबली, म्हणजे जे करायला हवं तेच तिने केलं. आणि मी ते वाक्य तिच्या तोंडावर मारलं. ती काही बोलली नाही. तंबू बाल्कनीत वाळत घातला, एकेक सुई काढत बसली. रात्री ड्यूटीला गेली. काल दिवसभर "जेवलीस का", "गोळी घेतलीस का", एवढंच.

तेव्हा कळलं कुंदे, भीती माझी होती आणि दोष तिच्यावर टाकला. हे मी पहिल्यांदा केलेलं नाही. एसटी स्टँडवर अण्णा उभे होते, छत्री काखेत, आणि त्यांनी काही विचारायच्या आत मी म्हणाले, "कुंदाने नेलं मला." बेत माझा होता. पैसे माझ्या डब्यातले होते. शिबिराचं खोटं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि गप्प राहिलीस. अण्णांनी तुझं पुण्याचं एमएस्सी रद्द केलं. वर्षभर घरी बसलीस. नंतर तू कोल्हापूरला केलंस, पण पुणं गेलं ते गेलंच. आपण त्यावर भांडलो ते फक्त एकदाच, माझ्या लग्नाच्या आदल्या रात्री, तेही मेंदीच्या निमित्ताने. अण्णा आजारी असताना दोनदा मी त्यांच्या उशाशी बसले. ओठावर आलं होतं. तू पाण्याचा तांब्या घेऊन आत आलीस आणि मी मोसंब्याचा भाव विचारला.

आज सकाळी मनूला हे सगळं सांगितलं. पहिल्यापासून, भाकरीसकट. आम्ही नदीकाठच्या वाटेवर गेलो होतो. तिनेच "चल" म्हटलं होतं. ती बाकावर बसून ऐकत होती. माफी मागितली तिची. ती म्हणाली, "मागायलाच हवी होतीस," आणि मग माझा हात धरून ठेवला. म्हणाली, पुढच्या वेळी घरी चिठ्ठी ठेवेन, वारा सुटला तर एक रात्र जास्त धर म्हणून. पण जाणं सोडणार नाही. मी म्हटलं, सोडू नकोस. म्हणताना पोटात गोळा आला, पण म्हटलं.

या नदीचा आणि दक्षिणेकडच्या सस्कॅचेवानचा संगम गावाच्या पूर्वेला आहे. मे महिन्यात आल्या आल्या मनूने नेलं होतं. मी पाण्याला हात लावून नमस्कार केला, माहुलीला करतो तसा. तेव्हा तुझं नाव घेतलं होतं.

तुझ्या मोतीबिंदूचं झालं का? दुसऱ्या डोळ्याचं पावसाळ्यानंतरच कर. नंदूच्या मुलीला कुठे ॲडमिशन मिळाली? ती तुझ्यासारखी हट्टी आहे, तिला हवं तिथेच जाऊ दे. भाडेकरूंनी खोली सोडली का? वैशूला सांग, तिची पैठणी मी नेली नाही, ती कपाटात वरच्या खणात आहे.

सप्टेंबरच्या शेवटी परत येते. आले की आधी तुझ्याकडे येईन. हे सगळं तोंडाने पुन्हा सांगायचं आहे, तुझ्याकडे बघून.

आणि एक. मनूने विचारलं, "मग कुंदामावशी तुझ्याशी परत कधी बोलली?" मी म्हटलं, दिवाळीनंतर, संक्रांतीच्या आधी कधीतरी. ती म्हणाली, नक्की सांग. मला सांगता येईना. तुला आठवत असेल. कळव.

तुझी,
शैला