टोमॅटोनंतर काकडी म्हणजे फेरपालट नव्हे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

टोमॅटोच्या पिवळेपणावर आपल्या शेतीपानात येणारे सल्ले मी नेमाने वाचतो. विद्राव्य खते, सूक्ष्म अन्नद्रव्ये, बुरशीनाशकाची आळवणी. ‘एक झाड उपटून मूळ बघा’ एवढे मात्र क्वचितच कुणी लिहिते. गेल्या उन्हाळ्यात आमचा प्लॉट दुपारी माना टाकायचा आणि संध्याकाळी सावरायचा. पाणी कमी पडते आहे असे समजून मी तीन आठवडे ठिबक वाढवत राहिलो. शेवटी झाड उपटले, तर मुळे हळकुंडासारखी गाठाळलेली. सूत्रकृमी, म्हणजे मातीत राहून मुळांवर जगणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक धाग्यासारखे किडे!

आमच्या जुन्नर तालुक्यात तार-बांबूवर एकदा खर्च झाला की मांडव मोडवत नाही. टोमॅटो संपला की त्याच मल्चिंगवर काकडी, मग दोडका नाहीतर कारले. आपल्याला वाटते पीक बदलले. पण मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीला ही सगळी पिके मानवतात, वांगी-भेंडीसुद्धा. उष्ण जमिनीत महिनाभरात त्याची पिढी पुरी होते आणि एक मादी 200 ते 500 अंडी घालते. पूर्वी फोरेट हे दाणेदार विषारी कीटकनाशक टाकून वेळ मारून नेत होतो. 2020च्या अखेरीस त्यावर बंदी आली आणि ती योग्यच होती.

आमचे वडील बेवड, म्हणजे रानात आधी कोणते पीक होते ते, बघून पुढचे पीक ठरवायचे. टोमॅटोच्या रानात मध्ये ज्वारी, बाजरी, कांदा किंवा लसूण आला की या किडीची उपासमार होते. झेंडूच्या मुळांतले द्रव्य तर तिला मारकच आहे. पण त्यासाठी बांधाला एक ओळ लावून भागत नाही, सगळ्या प्लॉटवर दाट झेंडू दोन-तीन महिने हवा. रान नुसते पडीक ठेवले आणि तण माजले, तर सूत्रकृमी तणावर जगतात. जुनी मुळे रोटाव्हेटरने तिथेच फिरवली, तर अंडी रानातच राहतात. ती उपटून जाळावीत.

खंडाने जमीन करणाऱ्याला ज्वारीचे वर्ष परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. त्याची अडचण खरी आहे. म्हणूनच रानात सूत्रकृमी किती आहेत हे लागवडीआधी कळायला हवे. मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक असतात, त्यांत सूत्रकृमी नाहीत. शिवाय नेहमीच्या तपासणीला आपण माती सावलीत वाळवून देतो. सूत्रकृमीसाठी मात्र मुळांजवळची ओली मातीच, थोड्या मुळांसह, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उन्हापासून जपून न्यावी लागते. हे आमच्या गावात कित्येकांना माहीत नाही.

तालुक्याच्या ठिकाणी ही तपासणी सुरू व्हावी यासाठी आपण कृषी खात्याकडे पाठपुरावा करावा आणि नमुना घेण्याची रीत रोपे लावण्याच्या हंगामाआधी सविस्तर छापावी, ही कळकळीची विनंती. यंदा मी अर्ध्या प्लॉटचा मांडव मोडला असून तिथे दसऱ्यासाठी झेंडू लावला आहे.

आपला नम्र,
एक टोमॅटो उत्पादक,
ता. जुन्नर, जि. पुणे